शाळेची पायरी न चढणारी मुलं

जपानमध्ये एखादं मूल वर्षभरात तीस किंवा त्याहून जास्त दिवस शाळेत आलं नाही, आणि त्यामागे आजारपण किंवा घरची गरिबी हे कारण नसलं, तर त्याची नोंद एका वेगळ्या रकान्यात होते. या मुलांना तिथे ‘फुतोको’ म्हणतात. एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या शालेय वर्षात पहिली ते नववीची ३ लाख ४६ हजार ४८२ मुलं या रकान्यात होती. आकडा वाढण्याचं ते सलग अकरावं वर्ष होतं. सातवी ते नववीत तर दर पंधरा मुलांमागे साधारण एक मूल या रकान्यात होतं.

बाहेरून पाहणाऱ्याला याचा उलगडा होत नाही. शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. फी नाही. लहान मुलं गटागटाने, मोठ्यांच्या मागोमाग चालत शाळेत जातात. दुपारचं गरम जेवण शाळेतच मिळतं आणि पांढऱ्या टोप्या घालून मुलंच ते एकमेकांना वाढतात. रोज वर्ग झाडायचा, फरशी पुसायची, हेही शिक्षणच. वर्ग झाडणाऱ्या जपानी मुलांचे व्हिडिओ आपल्याकडे पालकांच्या ग्रुपवर सतत फिरत असतात. त्यातलं कौतुक खोटं नाही. एकमेकांसाठी काम करायला शिकवणारी ही शाळा खरोखर चांगली आहे.

पण सगळं सगळ्यांनी मिळून, एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने करायचं, हा जिचा पाया आहे त्या शाळेत थोडं वेगळं असलेल्या मुलाला कुठेच आडोसा मिळत नाही. वर्गातली तीच तीस-पस्तीस मुलं वर्षभर सोबत असतात. अभ्यास, जेवण, साफसफाई, सहल, क्रीडादिन, सारं त्याच गटात. त्या गटाने एकदा बाजूला टाकलं की दिवसातला एकही तास सुटकेचा राहत नाही. सातवीपासून गणवेश आणि नियम कडक होतात आणि शाळेचे क्लब सुरू होतात. बेसबॉल असो की वाद्यवृंद, सराव सकाळी, संध्याकाळी आणि पुष्कळदा शनिवार-रविवारीही असतो.

नियमांचा काच कुठवर जातो, हे ओसाका प्रांतातल्या एका मुलीने २०१७ मध्ये लावलेल्या दाव्यातून जगाला कळलं. तिचे केस जन्मतः तपकिरी असल्याचं ती सांगत होती. शाळा मात्र ते काळे रंगवून ये म्हणून वारंवार बजावत होती. अखेर तिने शाळेत जाणं सोडलं. मग वर्गातलं तिचं बाक हलवलं गेलं, यादीतून नावही गेलं. २०२१ मध्ये न्यायालयाने तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई दिली, ती बाक आणि नाव काढल्याबद्दल. केसांचा नियम मात्र न्यायालयाने योग्यच ठरवला. पुढच्या वर्षी टोकियोच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळांनी असे नियम रद्द केले.

घरात हा ताण सकाळी दिसतो. रात्री मूल स्वतःच दप्तर भरतं, उद्या जाईन म्हणतं. सकाळी पोट दुखतं, डोकं जड होतं, अंथरुणातून उठवत नाही. तपासण्यांत काही सापडत नाही आणि शाळेची वेळ टळली की दुपारी मूल बरं दिसतं. आईवडिलांना वाटतं, ही नाटकं आहेत. ती नाटकं नसतात. शरीर ते बोलत असतं, जे मुलाला शब्दांत सांगता येत नाही. मूल घरी राहतं म्हणून नोकरी सोडावी लागणाऱ्या आया तिथे पुष्कळ आहेत.

सगळ्यात वाईट दिवस उन्हाळी सुट्टीनंतरचा. १९७२ ते २०१३ या काळातल्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आत्महत्यांची तारीखवार मोजणी जपान सरकारने केली, तेव्हा सर्वाधिक मृत्यू १ सप्टेंबरचे निघाले. ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस कामाकुरा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या एका कर्मचाऱ्याने ट्विटरवर मुलांसाठी निरोप लिहिला. मरावंसं वाटण्याइतकी शाळा नकोशी झाली असेल तर आमच्याकडे या, इथे कॉमिक्स आहेत, दिवसभर बसलात तरी कोणी काही विचारणार नाही, असा त्याचा आशय होता. हजारो लोकांनी तो पुढे पाठवला. एका ग्रंथालयाच्या दोन-तीन ओळींनी देशाला हलवलं, कारण शाळेला पर्याय असू शकतो हे मुलांना इतक्या सरळ फारसं कोणी सांगत नव्हतं.

या मुलांकडे पाहण्याची जपानची नजर बदलायला काही दशकं लागली. सुरुवातीला हा मनाचा आजार मानला गेला, मग आईच्या लाडांचा परिणाम. १९८५ मध्ये केइको ओकुची या शिक्षिकेने टोकियोत अशा मुलांसाठी शाळेबाहेरची जागा उघडली. त्यांच्या स्वतःच्या मुलानेही शाळा नाकारली होती. १९९२ मध्ये शिक्षण मंत्रालयाने मान्य केलं की हे कोणत्याही मुलाच्या बाबतीत घडू शकतं. २०१६ च्या कायद्याने अशा मुलाला विश्रांतीची गरज असते आणि शाळेबाहेरचं शिकणंही महत्त्वाचं असतं, हे नोंदवलं. तरीही शिक्षकांनी नोंदवलेली कारणं आणि मुलांनी सांगितलेली कारणं जुळत नाहीत. शिक्षकांच्या नोंदीत ‘उत्साह नाही’ असं येतं. मुलांना विचारलं तर छळ, शिक्षकांशी न पटणं, भीती ही कारणं कितीतरी अधिक प्रमाणात पुढे येतात.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच तफावत. मराठी वाचकाला यावर ‘तोत्तोचान’ आठवेल. पहिल्या शाळेने काढून टाकलेल्या त्या मुलीचं बोलणं नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत चार तास ऐकत बसले होते. तेत्सुको कुरोयानागींनी स्वतःच्या बालपणावर लिहिलेलं हे पुस्तक १९८१ चं. जपाननेही ते डोक्यावर घेतलं, पण शिक्षकांना ते चार तास दिले नाहीत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानचे माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळले. सहभागी देशांत हे सर्वाधिक होतं. त्यातलं प्रत्यक्ष शिकवणं अवघं १८ तासांचं. बाकीचे पुष्कळ तास क्लब, अहवाल, बैठकांत जातात. मूल गप्प झालंय हे लक्षात यायलाही शिक्षकाला थोडी उसंत हवी.

निवडणूक, सर्वेक्षण आणि ॲपवरच्या नोंदींत अडकलेल्या महाराष्ट्रातल्या शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे महिनाभर सलग गैरहजर असलेलं मूल शाळाबाह्य ठरतं. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास मुलासकट फडावर जातो, तेव्हा त्या मुलाची शाळा हंगामामुळे सुटते. जपानच्या मुलाची शाळा शाळेमुळेच सुटते. दोन्ही दुःखं एका मापाने मोजू नयेत. पण दोन्हीकडे गैरहजेरी तेवढी तत्परतेने मोजली जाते.

जपानमधल्या गिफू शहराने मात्र वेगळं करून पाहिलं. बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेच्या इमारतीत एप्रिल २०२१ मध्ये सोजुन ही सरकारी माध्यमिक शाळा सुरू झाली, फक्त शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी. गणवेश नाही. वर्गशिक्षक मूल स्वतः निवडतं. रोज यायचं, काही दिवस यायचं की घरूनच ऑनलाइन शिकायचं, हे त्याने ठरवायचं. अभ्यासाचे तास कमी आहेत आणि एकट्याने बसायच्या जागा मुद्दाम ठेवल्या आहेत. शाळेची क्षमता चाळीस मुलांची.

अशा शाळा देशभर ३०० करायच्या, असं मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये ठरवलं. वर्षभरानंतर त्या ३५ होत्या. तीनशे झाल्या आणि प्रत्येकीत चाळीस मुलं धरली, तरी बारा हजारांची सोय होईल. बाकीच्या सव्वातीन लाखांहून अधिक मुलांना परतायला साधी शाळाच आहे, आणि तिथल्या शिक्षकांच्या आठवड्यातले क्लबचे आणि अहवालांचे तास आधी कमी करावे लागतील.