पायदानाची भोके आणि बळाचा हिशेब

भोर आणि वेल्हे या भागांतील पाऊस आणि तांबडा चिखल ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या ओल्या पायदानावरून पाय निसटण्याची धास्ती निराळी समजावून सांगावी लागत नाही. आणि म्हणूनच पायदानाला भोके पाडून घ्यावीत, म्हणजे चिखलपाणी खाली गळून जाईल आणि पावलाला आधार मिळेल, ही कल्पना मुळीच वेडगळ नाही. कॅनडासारख्या हिमप्रदेशात बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाइलच्या पायदानांना याच कारणासाठी छिद्रे असतात, आणि नसली तर कित्येक स्वार ती स्वतःच पाडून घेतात. तेव्हा माझी हरकत छिद्रांना नाही. हरकत आहे ती त्यांच्या समर्थनार्थ वारंवार कानी पडणाऱ्या एका हिशेबाला: “अहो, पत्र्याचा दहावा हिस्सा गेला, तर ताकदही दहावा हिस्साच जाणार, नऊ हिस्से शिल्लक आहेतच की!”

हा हिशेब धान्याच्या पोत्याला लागू पडेल, ताणलेल्या पत्र्याला नाही. पत्र्यातून वाहणारे बल छिद्रापाशी येऊन थांबत नाही. नीरा नदीचे पाणी पुलाच्या खांबाला वळसा घालताना जसे त्याच्या दोन्ही अंगांना दाटते, तसे ते बल छिद्राच्या दोन कडांशी दाटते. जर्मन अभियंता किर्श याने 1898 मध्ये गणिताने दाखवून दिले, की एका दिशेने ताणलेल्या रुंद पत्र्यात गोल छिद्र असेल, तर त्याच्या कडेवरील ताण इतरत्र असणाऱ्या ताणाच्या तिप्पट होतो. आणि यातील खरी मेख अशी, की पत्रा पुरेसा रुंद असेल तर छिद्र लहान आहे की मोठे, यावर ही तिप्पट अवलंबून नसते. इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने 1913 मध्ये पुढचा सिद्धांत मांडला, की छिद्र लांबट असून त्याचे टोक बलाच्या आड जितके तीक्ष्ण, तितका हा गुणक वाढत जातो. पायदानावर पाय ठेवला असता पत्रा ताणला जातो त्याहून अधिक वाकतो, आणि वाकणाऱ्या पत्र्यात हा गुणक तिपटीहून कमी भरतो, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु एवढ्याने दहाव्या हिश्श्याचा हिशेब खरा ठरत नाही.

यावर दुसरे उत्तर ठरलेले असते, आणि ते ऐकताना माझा संयम सुटतो: “भोके पाडून दोन वर्षे झाली, काही झालेले नाही.” लगेच होणारही नाही, कारण साधे पोलाद तन्य असते; छिद्राच्या कडेला ताण वाढला तर तेथील धातू किंचित ओघळतो आणि भार शेजाऱ्यावर सोपवतो, त्यामुळे त्या दिवशी पत्रा तुटत नाही. परंतु वरंधा घाटाच्या खाचखळग्यांतून दररोज जाणारी गाडी एकच भार देत नसते, तर हजारो लहान भार पुनःपुन्हा देत असते. आणि वारंवार पडणाऱ्या भाराने धातू थकतो, भेग कडेच्या एखाद्या ओरखड्यातून जन्म घेते आणि डोळ्यांना दिसू लागेपर्यंत बरेच काम उरकून बसलेली असते. 1954 साली ‘कॉमेट’ ही ब्रिटिश जेट विमाने एल्बा बेटाजवळ आणि नेपल्सजवळ समुद्रात कोसळली. तेव्हा फार्नबरो येथे एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुनःपुन्हा दाब देऊन जी तहकीकात झाली, तिच्यात विमानाच्या पत्र्यात कापलेल्या चौकटींच्या कोपऱ्यांशी सुरू झालेला हाच थकवा उघडकीस आला. तीही विमाने पहिल्या दिवशी कोसळली नव्हती.

उलट, “भोक म्हणजे नाशच” असे म्हणणाराही चुकतो. कडा आत किंवा बाहेर वळवून उभारलेले छिद्र पत्र्याला वाकण्यास अधिक कठीण करते. विमानांच्या पंखांतील पातळ पत्र्यांत अशी छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. कारखान्यातून जाळीदार येणारे पायदान आणि गिरमिटाने पाडलेली साधी भोके यांत हा फरक आहे.

आता किरकोळ गैरसमज. “गाडी हलकी होते”: 3 मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यातून 25 मिलिमीटरचे एक भोक पाडले, तर सुमारे साडेअकरा ग्रॅम जातात, अशी चाळीस पाडून अर्धा किलोही भरत नाही. “भोकामुळे पकड येते”: पकड वर उठलेल्या कडेमुळे येते; सपाट भोक पाण्याला वाट देते, एवढेच. “चिखल गळून जातो”: पाणी गळते, भाताच्या खाचरातला चिकट चिखल लहान भोकात बसून वाळतो. “भेगेच्या टोकाला भोक पाडले की काम झाले”: ती भेग काही काळ थांबविण्याची अभियंत्यांची जुनी युक्ती आहे, दुरुस्ती नव्हे.

एक गैरसमज मात्र किरकोळ नाही, आणि तो असा, की पायदान भक्कम व घसरगुंडीमुक्त केले म्हणजे त्यावर उभ्याने प्रवासी नेण्यास मुभा मिळते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 123 नुसार चालकाने कोणासही पायदानावर किंवा गाडीच्या बाहेरच्या भागावर नेऊ नये, अशी स्पष्ट मनाई आहे. पायदान छिद्रांचे असो वा बिनछिद्रांचे. पायदान चढण्या-उतरण्यासाठी आहे, वेल्ह्याचा घाट उभ्याने पार करण्यासाठी नाही.

ज्यांना तरीही भोके पाडायचीच असतील, त्यांनी ती गोल पाडावीत. बोल्ट, वेल्डिंग, वळण आणि पत्र्याची कड यांपासून ती दूर ठेवावीत. भोकाच्या कडेचा कीस कानशीने घासून गुळगुळीत करावा, कारण भेग त्याच किसातून सुरू होते. आणि उघड्या पडलेल्या धातूला रंग लावावा, कारण इथल्या पावसात गंज रंग गेलेल्या जागेवरच प्रथम चढतो. चासी आणि ब्रॅकेट यांना गिरमिट लावू नये. त्यानंतर पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पायदान धुऊन, कडा डोळ्यांखालून घालाव्यात. एवढी तसदी घेण्याची तयारी नसेल, तर कारखान्याचे पायदान जसे आहे तसे ठेवून त्यावर खरखरीत पट्टी चिकटवणे अधिक स्वस्त, आणि पत्र्याच्या नऊ हिश्श्यांचा हिशेब मांडण्यापेक्षा अधिक सुज्ञपणाचे आहे.