ओढ्याकाठची मोकळी वाट

डोंगरात एकट्यानं जायचं म्हटलं, की आई लगेच विचारते, "सोबत कोण आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे! पण इंग्लंडमध्ये एक अशी वाट आहे, की तिथं आज कुणीही एकटादुकटा शीळ घालत खुशाल फिरू शकतो. आणि याच वाटेनं वर गेलेल्या पाच तरुणांना १९३२ साली तुरुंगात जावं लागलं होतं! चला तर, पाठीवर पिशवी टाका. आज मनानंच ती वाट चढून येऊ.

घळीतून वर

मँचेस्टरजवळ हेफील्ड नावाचं लहानसं गाव आहे. गावाबाहेर बोडन ब्रिजची जुनी दगडखाण, तिथून आपण निघायचं. समोर किंडर स्काउटचं पठार. उंची ६३६ मीटर. "हात्तिच्या! आपलं कळसूबाई १६४६ मीटर आहे!" असं तुम्ही म्हणाल. पण थांबा, या डोंगराची खरी गंमत त्याच्या माथ्यावर आहे.

जलाशयाच्या कडेनं पुढं गेलं, की विल्यम क्लफ लागते. क्लफ म्हणजे अरुंद घळ. तळाशी खळाळता ओढा. वाट कधी या काठानं जाते, कधी त्या काठानं. दगडांवर पाय देत ओढा पुन्हा पुन्हा ओलांडायचा. पाण्याचा रंग मात्र कोऱ्या चहासारखा! ती घाण नव्हे, माथ्यावरच्या काळ्या मातीतून झिरपताना आलेला रंग आहे. वर जावं तशी ओढ्याची धार बारीक होत जाते आणि शेवटी गवतात दिसेनाशी होते. मग एक खडी चढण, की आपण पठारावर!

माथ्यावर

इंग्रजीत अशा उघड्या, पाणथळ पठाराला 'मूर' म्हणतात. इथं झाडं जवळजवळ नाहीतच. गवत आणि हेदरची खुरटी झुडपं. ऑगस्टमध्ये ती जांभळ्या फुलांनी भरतात. पायाखालची मऊ, काळी माती म्हणजे पीट. थंड, ओल्या जागी मेलेलं शेवाळ पूर्ण कुजत नाही, त्याचे थरावर थर साचतात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर! म्हणजे दोन मीटर जाडीचा थर साचायला किती वर्षं लागली असतील? करा हिशेब. दोन हजार! तो तुडवला जाऊ नये म्हणून वाटेवर काही ठिकाणी मोठ्या फरश्या टाकल्या आहेत. पाऊल त्यांवरच ठेवायचं.

इतक्यात झुडपातून फडफडत उठतो तो ग्राउस, तितरासारखा पक्षी. इंग्रजांना त्याचं ओरडणं 'गो बॅक, गो बॅक' असं ऐकू येतं. म्हणजे 'मागं फिर, मागं फिर'! धुकं उतरलं, तर हा सल्ला खरंच ऐकावा. घळीत ओढा वाटाड्या होता, इथं खूण म्हणून काहीच नाही. "पाणी धरून खाली उतरू" असं वाटेल, पण इथली किंडर नदी थेट कड्यावरून सुमारे तीस मीटर खाली उडी घेते! पश्चिमेचा वारा जोरात असला, की तेच पाणी वर उडतं, आपल्या नाणेघाटातल्या उलट्या धबधब्यासारखं. म्हणून नकाशा आणि होकायंत्र हवंच.

वाट कुणाची?

पूर्वी हे पठार श्रीमंतांनी ग्राउसच्या शिकारीसाठी राखलं होतं. गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्यांना रविवारीसुद्धा तिथं मज्जाव. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे जण बोडन ब्रिजच्या खाणीत जमले आणि याच घळीतून वर निघाले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. चढावर रखवालदारांशी झटापट झाली. परतताना पोलिसांनी धरपकड केली आणि पुढं पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. शिक्षा ऐकून लोक मात्र हळहळले आणि मोकळ्या डोंगरांची मागणी वाढतच गेली. १९५१ मध्ये हा परिसर ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. २००० सालच्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समधल्या अशा पठारांवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. आज एकटा माणूस इथं निर्धास्त चालतो, तो त्या चारशे जणांमुळं!

पण हक्क मिळाला तरी सावधगिरी सुटत नाही बरं का! अशा वाटेवर निघणारा घरी सांगून निघतो, कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजता परतणार ते. खिशात शिट्टी ठेवतो. संकटात एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. तिकडं ही खूण डोंगरात फिरणाऱ्यांना ठाऊक असते.

तुमचं एकट्यानं जायचं वय अजून यायचंय. तोवर एखाद्या रविवारी आईबाबांबरोबर जवळच्या टेकडीवर जा आणि वाट दाखवायचं काम तुम्ही मागून घ्या. नकाशा मात्र हातात तुमच्याच हवा!