मैदान आखण्यापूर्वी गट विचारा

मागील सत्रात कबड्डीचे मैदान आखण्याचे काम माझ्याकडे होते. सामने किशोर गटाचे, पण मी आखले पुरुषांचे १३ × १० मीटरचे मैदान. एक छोटा कॅडेट चढाईत निदानरेषेपर्यंत पोहोचलाच नाही. कोणाला न शिवता परतल्यामुळे पंचांनी त्याला नियमानुसार बाद दिले. चूक मात्र माझी होती. निदानरेषा पाऊण मीटर लांब पडली होती.

म्हणून ही मापे लक्षात ठेवा. महिलांचे मैदान १२ × ८ मीटर, किशोर-किशोरींचे ११ × ८ मीटर. मध्यरेषेपासून निदानरेषा पुरुषांसाठी ३.७५ मीटरवर, महिला व किशोर गटासाठी ३ मीटरवर. तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. दोन्ही बाजूंचे १ मीटरचे राखीव क्षेत्र रुंदीतच धरायचे. झटापट सुरू झाल्यावरच ते खेळात येते. रेषा ५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको.

शेवटी दोन्ही कर्ण मोजा. किशोरांच्या मैदानात प्रत्येकी १३.६० मीटर भरले, तर कोपरे काटकोनात आहेत.

आता मी आधी गट विचारतो, मगच फक्की हातात घेतो.