जुन्या वस्त्रांची ऊब

वाचकहो, आपल्या घरातील एखाद्या ट्रंकेच्या तळाशी असे एक तरी वस्त्र खचित असेल की, जे आता अंगावर घालवत नाही आणि टाकूनही देववत नाही. आईचे विरलेले लुगडे, वडिलांचा मानेपाशी झिजलेला सदरा, मुलाचे पहिले झबले. संसार सुरळीत चाललेला असतो तोवर त्या ट्रंकेची कोणाला आठवण होत नाही. घरावर कठीण प्रसंग आला म्हणजे मात्र आपणाजवळ काय उरले आहे, याचा माणसे शोध घेऊ लागतात. आणि कधी कधी तो शोध त्या ट्रंकेपाशी येऊन थांबतो. अशाच एका घराची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे. घर मराठी आहे. परंतु ते पुण्यात वा साताऱ्यात नसून दूर चंदीगडला आहे.

उरले त्यातून उभे राहिलेले नगर

चंदीगड म्हटले की सरळ, रुंद रस्ते, क्रमांकांनी ओळखले जाणारे विभाग आणि ल कॉर्ब्युझिए या जगद्विख्यात वास्तुशिल्पज्ञाचे नाव आपणांस आठवते. तथापि या देखण्या नगराचा जन्म एका मोठ्या दुःखातून झाला, हे विसरून चालावयाचे नाही. १९४७ साली पंजाबची फाळणी झाली, लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. तेव्हा शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी नवे नगर वसविण्याचे ठरले व ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. येथे येऊन राहिलेल्या कित्येक कुटुंबांनी आपले घर, शेत, दुकान सारे सीमेपलीकडे सोडलेले होते.

माझी मावशी यजमानांच्या नोकरीनिमित्त या गावी आली, त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. दोन मुले, नेटका संसार, दर उन्हाळ्यात सिमला आणि दिवाळीस पुणे असा त्यांचा क्रम होता. दोन वर्षांपूर्वी, निवृत्तीस चार वर्षे उरली असताना काकांना अर्धांगवायूचा झटका आला. प्राण वाचले, वाचाही परतली. परंतु उजवा हात लुळा पडला आणि नोकरी सोडावी लागली. मुलीस नुकतीच नोकरी लागली होती, मुलगा महाविद्यालयात शिकत होता. औषधोपचारांत शिल्लक सरली. सिमला गेला, पुण्याचे तिकीटही गेले. परंतु मावशी म्हणते की, पैशाच्या ओढीपेक्षा घरात पसरलेली निःशब्दता अधिक जड झाली होती. काका खिडकीकडे तोंड करून बसत. मुले आपापल्या खोलीत जेवत. कोणी हसले तर त्यालाच अपराधी वाटे.

बीजींची फुलकारी

चंदीगडचा हिवाळा आपल्याकडील थंडीसारखा नसतो. जानेवारीत रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. त्या वर्षी घरात एक पांघरूण कमी पडू लागले. नवी रजई विकत घ्यावी की कसे, या विचारात असताना मावशीने ट्रंक उघडली. वर माझ्या आजीचे इरकली लुगडे होते. ते हातात घेऊन ती बसली असतानाच शेजारच्या बीजी आल्या. बीजींचे वय पंच्याऐंशीच्या घरात आहे. फाळणीच्या वेळी त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. लुगडे पाहून त्या काही न बोलता घरी गेल्या आणि आपल्या आईची फुलकारी घेऊन परत आल्या. गाव सोडताना आईने भांडी मागे ठेवली. ही मात्र लेकीच्या अंगाभोवती गुंडाळून आणली होती.

फुलकारी हे पंजाबच्या घरांतील लेणे होय. हाताने कातलेल्या सुताच्या जाड खादीवर पीळ न दिलेल्या रेशमी धाग्याने ती भरतात. या रेशमास तिकडे 'पट' म्हणतात. विशेष हे की, टाका कापडाच्या उलट बाजूने, ताणे-बाणे मोजून घालावयाचा असतो. नक्षी सुलट बाजूस उमटत जाते व भरणारीच्या दृष्टीस ती शेवटी पडते. संपूर्ण वस्त्र भरतकामाने झाकले गेले म्हणजे त्यास 'बाग' म्हणतात. घरात मुलगी जन्मली की आजीने तिच्या लग्नासाठी फुलकारी भरावयास घ्यावी, अशी रीत होती. गावच्या मुलीबाळी व सुना एकत्र बसून सूत कातीत, भरतकाम करीत, गाणी म्हणत. त्या मेळ्यास 'त्रिंजण' असे गोड नाव आहे.

बीजींनी आपल्या फुलकारीचा एक कोपरा मावशीस दाखविला. तेथे मुद्दाम वेगळ्या रंगाचे चार टाके घातलेले होते, दृष्ट लागू नये म्हणून! निर्दोष वस्त्रास दृष्ट लागते, अशी तिकडील समजूत. "आपल्या घरांना तर आता दृष्टीची भीतीच नाही," असे त्या म्हणाल्या आणि दोघीजणी कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

बीजींना मराठी येत नाही, मावशीचे पंजाबी जेमतेम. परंतु दोघींना जोडणारा एक दुवा होता. संत नामदेवांनी आपल्या आयुष्याची बरीच वर्षे पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी घालविली. त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही त्याच घुमानला भरले होते. नामदेव जातीने शिंपी. "तुमच्या बाबा नामदेवांच्या घरची सुई आहे, मग आळस का करतेस?" असे बीजींनी विचारले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात गच्चीवर सतरंजी अंथरली गेली.

एका सदऱ्याची गोष्ट

गोधडीस प्रारंभ झाला खरा. पण कापडे पुरेनात. ट्रंकेत काकांचे कचेरीत घालावयाचे नऊ सुती सदरे होते, धुऊन, इस्त्री करून ठेवलेले. मावशीने त्यांस हात लावताच काका कडाडले, "ते राहू दे! मला लागतील ते."

मावशीने सदरे परत ठेवले. ते कापावयाचे म्हणजे काका आता पुन्हा कचेरीत जाणार नाहीत, हे सर्वांनी मान्य करावयाचे. तो शब्द घरात अद्याप कोणी उच्चारलेला नव्हता. तीन आठवडे गोधडी लुगड्याच्या तुकड्यांवरच चालली. संध्याकाळी मुलगी कामावरून आली की टाके घालावयास बसे, मुलगा सुईत दोरा ओवून देई, बीजी चुकलेले टाके उसवीत. काका खिडकीपाशीच होते. मात्र त्यांनी खुर्ची आत वळवून घेतली होती. एके दिवशी त्यांनी विचारले, "मध्यभागी काय घालणार?" कोणी उत्तर दिले नाही. ते उठले आणि डाव्या हाताने निळ्या रेघांचा एक सदरा काढून त्यांनी मावशीच्या मांडीवर ठेवला.

"अहो, हा राहू द्या ना. तुमच्या बढतीच्या दिवशीचा आहे."

"म्हणूनच तो मध्ये लाव," काका म्हणाले.

त्या रात्री त्या घरी पहिल्यांदा सर्वांनी आपल्या पुढील दिवसांविषयी उघडपणे बोलणे केले. कोणता खर्च कमी करावयाचा, काकांनी घरबसल्या मुलांच्या शिकवण्या घ्याव्यात की काय, इथपासून सर्व. मावशी मला म्हणाली, "बाळ, सदरा कापला तेव्हा मी रडले. पण तोवर आम्ही एकमेकांपासून लपून रडत होतो."

हा अनुभव एकट्या मावशीचा नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, नदीच्या एका वळणावर गीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय कुटुंबे गुलामगिरीत राबलेल्यांची वंशज असून पिढ्यान् पिढ्या दारिद्र्यात राहिली. तेथील स्त्रिया जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. मिझूरी पेटवे या स्त्रीने १९४२ साली पती निवर्तल्यावर त्याच्या शेतात घालावयाच्या कपड्यांची गोधडी शिवली, ती पांघरून त्याची आठवण जवळ राहावी म्हणून. थंडी निवारण्यासाठी शिवलेल्या या गावच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली.

अल्प खर्चाची सहल

आता दुसरी गोष्ट. सिमला गेला तरी रविवार कोठे गेला होता? काकांना डॉक्टरांनी चालावयास सांगितले होते. तेव्हा मुलांनी ठरविले की, दर रविवारी बसने जाता येईल आणि घरचा डबा पुरेल तेवढ्याच अंतरावर जावयाचे. दशम्या व शेंगदाण्याची चटणी मावशीची, पराठे बीजींचे.

पहिला मान सुखना तलावास मिळाला. १९५८ साली पावसाळी ओढ्यास बांध घालून हा तलाव निर्माण करण्यात आला. त्याच्या काठावरील फिरण्याच्या वाटेवर मोटारींना मज्जाव आहे, त्यामुळे काठी टेकीत चालणाऱ्या माणसास तेथे कोणाची घाई नसते. पहिल्या रविवारी काका दोनशे पावले चालले. महिन्याअखेर त्यांनी मोजणे सोडून दिले.

पुढे एकदा पिंजोरचे उद्यान झाले. चंदीगडपासून सुमारे वीस किलोमीटरांवरील हे उद्यान सतराव्या शतकात औरंगजेबाचा सरदार फिदाई खान याने रचविले. सात टप्प्यांनी ते खाली उतरत जाते व मधून पाण्याचा पाट वाहतो. पांडवांनी वनवासात येथे वास्तव्य केले, अशी लोककथा आहे. वनवासातही माणसे सावलीची जागा शोधतात, हे त्या कथेत किती सहज आले आहे!

परंतु काकांच्या मनात भरले ते सुखना तलावाजवळील रॉक गार्डन. ते उभारणारे नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ साली आज पाकिस्तानात असलेल्या भागात झाला. फाळणीने त्यांचे गाव सुटले. चंदीगड बांधले जात असताना ते सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नव्या नगरासाठी उठविलेल्या खेड्यांतील फुटकी कौले, कपबशा, बांगड्यांचे तुकडे ते सायकलवरून गोळा करीत आणि दिवसाचे काम संपल्यावर रानातील एका घळीत त्यांच्या मूर्ती घडवीत. सुमारे १८ वर्षे ही गोष्ट गुप्त होती. १९७५ साली ती उघडकीस आली, तेव्हा सरकारी जमिनीवरील ही विनापरवाना निर्मिती पाडली जाईल की काय, अशी भीती होती. परंतु १९७६ साली ती जनतेस खुली झाली आणि १९८४ साली नेकचंदांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते निवर्तले. फुटक्या बांगड्यांच्या मूर्तींपुढे काका बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "याला पगार नोकरीचा मिळाला, पण काम केले ते हे."

आपल्या घरी करून पाहा

वाचकभगिनींनो आणि बंधूंनो, गोधडी शिवणे कठीण नाही. कापड शक्यतो सुती घ्यावे. ते धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरावे, म्हणजे पुढे आकसणार नाही. जाड व पातळ कापडे एका थरात मिसळू नयेत. खाली एक अखंड लुगडे वा चादर अंथरावी, मध्ये जीर्ण कापडाचे तीन-चार थर द्यावेत आणि वर तुकडे जुळवून चारी बाजू आधी कच्च्या टाक्यांनी अडकवून घ्याव्यात. मग जाड दोऱ्याने साधा धावदोरा घालीत कडेपासून मध्याकडे, चौकोनात चौकोन असे सरकत जावे. टाका लहान असावा. मोठा टाका धुण्यात अडकून तुटतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेले कापडाचे लहानसे फूल लावतात. त्यास त्या 'फुला' म्हणतात व त्यावाचून गोधडी उघडी राहिली असे मानतात. आपल्या घरातील लहान मुलांकडे हे काम अवश्य सोपवावे. वृद्धांनी कोणता तुकडा कोणाचा, ते सांगावे. घरातील प्रत्येक हाताला काही काम असले पाहिजे, मग तो हात एकच का चालत असेना. काकांनी डाव्या हाताने खडूच्या रेघा आखून दिल्या; त्या वाकड्या होत्या व टाकेही त्यांच्यामागे वाकडे गेले. बीजींनी ते उसवू दिले नाहीत. दृष्ट लागू नये म्हणून!

गोधडी लोहडीच्या दिवशी, १३ जानेवारीस पुरी झाली. त्या रात्री गल्लीत होळीसारखा जाळ पेटला, शेंगा व रेवड्या वाटल्या गेल्या आणि काका ती गोधडी पांघरून खुर्चीवर बाहेर बसले. त्यांचा हात काही परत आला नाही, नोकरीही आली नाही. आता दोन मुले त्यांच्याकडे गणित शिकावयास येतात. मी गेल्या हिवाळ्यात तेथे गेले असता मावशीने मला तीच गोधडी दिली. माझ्या छातीवर आजीचे लुगडे होते आणि त्याला लागूनच निळ्या रेघांचा सदरा.

आपल्याही घरी कोणी खिडकीकडे तोंड करून बसले असेल, तर त्यास उपदेश करू नये. या रविवारी ट्रंक मात्र उघडावी, आणि सुईत दोरा ओवावयास त्यास हाक मारावी.