परवान्याच्या परीक्षेची तयारी – भाग ६ : आधी कोणाकडे जायचं?

मागच्या भागाच्या शेवटी चार रुग्णांचा एक प्रश्न सोडवायला दिला होता. तो पुन्हा मांडते, कारण आजचं बहुतेक बोलणं त्यावरच आहे.

इव्हिनिंग ड्युटी नुकतीच सुरू झाली आहे. मॉर्निंगच्या सिस्टरने ओव्हर दिली. तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. सीओपीडीचे ६८ वर्षांचे आजोबा: नाकातून दोन लिटर ऑक्सिजन सुरू, ऑक्सिजनची पातळी ९० टक्के, चाललं की धाप लागते. काल पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाई: वेदना दहापैकी आठ, रडताहेत. मधुमेहाचे एक रुग्ण: दुपारची साखर २५०, इन्सुलिन द्यायचं राहिलंय. आणि आज सकाळी थायरॉइडचं ऑपरेशन झालेली तरुणी: ड्रेसिंग कोरडं आहे, पण ‘पट्टी गळ्याला आवळल्यासारखी वाटतेय’ म्हणते. आधी कोणाकडे जाल?

वर्गात हा प्रश्न घातला की पहिला हात बहुतेक वेळा आजोबांसाठी वर जातो. ऑक्सिजन ९० टक्के, म्हणजे श्वासाचा प्रश्न, म्हणजे तेच पहिले. पण सीओपीडीच्या रुग्णात आपण ८८ ते ९२ टक्क्यांचंच लक्ष्य ठेवतो. चालताना धाप लागणं हे त्यांचं नेहमीचं आहे. त्यांचा आजार मोठा आहे, पण आज त्यांच्यात नवीन काही घडलेलं नाही. उलट त्या तरुणीची तक्रार ऐकायला किरकोळ आहे आणि तिच्याच जिवाला सगळ्यांत जास्त धोका आहे. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर पहिल्या चोवीस तासांत गळ्यात आतल्या आत रक्त साचू शकतं आणि श्वासनलिका दाबली जाऊ शकते. पट्टी बदललेली नाही, तिच्या आतला गळा सुजतोय. ड्रेसिंग कोरडं असल्याचा दिलासा तर अजिबात मानू नका. रुग्ण उताणी पडलेली असते, त्यामुळे रक्त ओघळून मानेच्या मागे जातं. म्हणून तिच्याकडे गेल्यावर श्वास आणि आवाज तपासतानाच मानेखाली हात घालून बघायचं. अशा रुग्णाच्या खाटेशी ट्रेकिऑस्टॉमीचा संच तयार ठेवतात, तो याचसाठी.

या भागात मला सांगायचं आहे ते एवढंच: प्राधान्य आजाराच्या नावावरून ठरत नाही, रुग्णात झालेल्या बदलावरून ठरतं. जे अपेक्षित आहे ते थांबू शकतं. जे अनपेक्षित आहे, नवं आहे किंवा पसरत चाललंय, ते थांबू शकत नाही. डोक्याला मार लागलेला रुग्ण सकाळी नीट बोलत होता आणि आता उगाच चुळबुळ करतोय, तर बीपी आणि नाडी अजून ठीक असली तरी तोच पहिला. शुद्धीतला फरक हा मेंदूवरचा दाब वाढल्याची सगळ्यांत आधी दिसणारी खूण असतो. बीपी आणि नाडी खूप उशिरा बोलतात.

परवान्याच्या परीक्षेत नेमकं हेच पारखलं जातं. अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यावी लागते. कॅनडाने बहुतेक प्रांतांसाठी २०१५ पासून हीच परीक्षा घेतली. त्यामुळे आपल्याकडून बाहेर जाऊ पाहणाऱ्या कित्येक मुलामुलींची गाठ तिच्याशी पडते. एप्रिल २०२३ पासून ती नव्या रूपात आली. पाच तास, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न. तुमच्या उत्तरानुसार संगणक पुढचा प्रश्न निवडतो आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. ‘रुग्णसेवेचं व्यवस्थापन’ या एकाच विभागाला परीक्षेच्या आराखड्यात १५ ते २१ टक्के वाटा आहे आणि आधी कोण, आधी काय हे प्रश्न प्रामुख्याने तिथेच येतात. औषधांच्या किंवा बाळंतपणाच्या प्रश्नांतही ते डोकावतातच.

श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम आपण पहिल्या वर्षापासून घोकतो. तो बरोबरच आहे. फक्त तो वापरायचा कसा, हे घोकून येत नाही. क्लासमध्ये ‘वेदना नेहमी शेवटी’ असं सूत्र मुलं लिहून घेतात आणि त्या सूत्राची मला मनापासून भीती वाटते. पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी दुखणं अपेक्षित आहे. त्या बाईंना औषध लगेच मिळायलाच हवं, पण गळ्यात रक्त साचत असलेल्या मुलीनंतर. आता दुसरं चित्र बघा. पायाला प्लास्टर घातलेला मुलगा आहे. मॉर्फिन देऊनही त्याचं दुखणं वाढतच चाललंय, बोटं कोणी नुसती हलवली तरी ओरडतो, पाय बधिर झालाय म्हणतो. इथे वेदना हीच धोक्याची घंटा आहे. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटतोय आणि काही तासांत पाय कायमचा निकामी होऊ शकतो. छातीतल्या दुखण्याचंही तसंच. दुखणं किती हे महत्त्वाचं आहेच, पण प्रश्नात ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ किंवा ‘औषधाने न थांबणारं’ असं काही लिहिलंय का, तिकडे डोळे हवेत.

दुसरा गोंधळ ‘आधी तपासा की आधी करा’ याचा. परिचर्येची प्रक्रिया मूल्यमापनापासून सुरू होते, म्हणून चार पर्यायांत ‘तपासा’ असं दिसलं की तेच निवडायचं, अशी सवय लागते. बऱ्याचदा उत्तर बरोबर येतं, म्हणून सवय घट्ट होते. मग हा प्रश्न समोर येतो: रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटं झाली आहेत. रुग्णाला हुडहुडी भरलीय, कंबर दुखतेय म्हणतो. परिचारिका प्रथम काय करेल? पर्याय चार. बीपी, नाडी आणि ताप बघणं, डॉक्टरांना कळवणं, रक्त बंद करणं, पिशवी रक्तपेढीकडे पाठवणं.

चारही गोष्टी कराव्याच लागतात, आणि अशा प्रश्नाची अवघड बाजू हीच आहे. त्यात चुकीचं असं काहीच नसतं, फक्त क्रम विचारलेला असतो. तपासणी मात्र प्रश्नातच होऊन गेली आहे. हुडहुडी आणि कंबरदुखी ही दोन्ही लक्षणं तुमच्या हातात दिलेली आहेत. बीपी बघायला दोन मिनिटं लागतील आणि तेवढ्यात न जुळणारं रक्त आणखी आत जाईल. म्हणून आधी रक्त बंद. शीर चालू ठेवायला नॉर्मल सलाईन लावायचं, तेही नव्या नळीने, कारण जुन्या नळीत तेच रक्त उरलेलं असतं. मग बाकीचं सगळं. स्वतःला विचारायचं ते असं: निर्णयापुरती माहिती मला मिळाली आहे का? नसेल तर तपासा. असेल तर हात चालवा.

‘डॉक्टरांना कळवा’ या पर्यायाबद्दल आपल्या मुलींशी थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपल्या वॉर्डांत सिस्टरने स्वतः निर्णय घेतला तर ऐकून घ्यावं लागतं, म्हणून कळवून मोकळं होण्याची सवय अंगात मुरते. मी त्यासाठी मुलींना दोष देत नाही, आपल्या व्यवस्थेने त्यांना तेच शिकवलं आहे. पण एनक्लेक्स परिचारिकेकडून तिची स्वतःची बुद्धी मागते. फोन करण्याआधी खाटेशी उभं राहून तुम्ही काय करू शकता, ते आधी. रुग्णाला बसतं करणं, ऑक्सिजन लावणं, रक्त थांबवणं. यातलं काहीच हातात उरलं नसेल, तर फोन हेच पहिलं उत्तर असू शकतं.

सराव करताना आणखी एक गोष्ट पाळा. प्रश्नातलं हॉस्पिटल तुमचं हॉस्पिटल नाही. तिथे मॉनिटर चालू आहे, कपाटात औषध आहे, मदतीला माणूस आहे. ‘एवढ्या खाटांना मी एकटी, हे जमणार कसं’ हा विचार खरा आणि रास्त असला, तरी त्या पाच तासांत तो बाजूला ठेवा. रुग्णाबद्दल जे लिहिलंय तेवढंच घ्या, न लिहिलेली गुंतागुंत स्वतःहून जोडू नका.

मोठ्या अपघातात किंवा आपत्तीत मात्र हा सगळा क्रम उलटतो. वॉर्डात श्वास थांबलेल्याकडे आपण सगळं टाकून धावतो. आपत्तीत श्वासमार्ग मोकळा करूनही प्रौढ जखमी श्वास घेत नसेल, तर त्याला काळी पट्टी बांधून पुढे जावं लागतं. मिनिटाला तीसहून जास्त श्वास घेणारा जखमी लाल पट्टीचा, चालता येणारा हिरव्या पट्टीचा. मुलांना हे क्रूर वाटतं आणि तसं वाटणं मला चांगलं लक्षण वाटतं. पण हात मोजके आणि जखमी शेकड्याने, तेव्हा ज्याला वाचवता येईल तो आधी. म्हणून प्रश्न वॉर्डातला आहे की आपत्तीतला, हे पहिल्या ओळीतच बघून घ्या.

नव्या परीक्षेत एकाच रुग्णाभोवती सहा प्रश्न गुंफलेली तीन प्रकरणं हमखास येतात. खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, शक्यतांचा क्रम लावा, उपाय शोधा, कृती करा, परिणाम तपासा, अशा सहा पायऱ्या. आजचा विषय म्हणजे त्यातली तिसरी पायरी. पहिल्या दोन कच्च्या राहिल्या तर तिसरी घोकून येत नाही. कुठल्या ऑपरेशननंतर काय अपेक्षित आहे हे माहीत नसेल, तर अनपेक्षित काय ते कळणार कसं? म्हणून रोज पन्नास प्रश्न उडवण्यापेक्षा दहा सोडवा आणि प्रत्येकात न निवडलेले तीन रुग्ण का थांबू शकतात, ते वहीत लिहा.

कोणतं काम कोणाकडे सोपवायचं, हा पुढच्या आठवड्याचा विषय. तोवर हा प्रश्न सोडवा. नाइटची ओव्हर झाली आहे. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णाचं वजन कालपेक्षा अर्धा किलो वाढलंय आणि पाय नेहमीसारखे सुजलेले आहेत. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेल्या आजी अचानक बेचैन झाल्या आहेत, श्वास मिनिटाला २८, ‘काहीतरी वाईट होणार’ म्हणताहेत. कालच अपेंडिक्स काढलेल्या मुलाला १००.२ ताप आहे. मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराच्या रुग्णाचं पोटॅशियम ५.४ आहे आणि डायलिसिस सकाळी ठरलेलं आहे. आधी कोणाकडे जाल ते लिहाच, पण उरलेल्या तिघांपैकी दुसऱ्या क्रमांकावर कोण आणि का, तेही लिहा.