लेखांक ६ : बिल्ल्यावरचा नंबर आणि शेलवरची भोकं

जुना स्नेअर ड्रम हाती लागला की बहुतेकांची नजर आधी बिल्ल्यावर जाते. नंबर टिपायचा, तक्त्यात शोधायचा आणि साल ठरवून मोकळं व्हायचं. लुडविगच्या बाबतीत असं केलं की फसगत ठरलेली. म्हणून या आठवड्यात त्यांचा सुप्राफोनिक ४०० घेतो. १४ इंच व्यासाचा, ५ इंच खोलीचा, ड्रमचं पान ताणणारे रॉड ज्यांत बसतात अशा दहा लगांचा हा चकचकीत ड्रम.

आधी घराण्याचा पत्ता. विल्यम आणि थिओबाल्ड लुडविग या भावांनी १९०९मध्ये शिकागोत कंपनी काढली. विसाचं दशक सरता सरता ती कॉन कंपनीकडे गेली, नावासकट. मग विल्यमने १९३७मध्ये डब्ल्यूएफएल या स्वतःच्या आद्याक्षरांनी नवा कारखाना उभारला आणि १९५५मध्ये ‘लुडविग’ हे नाव परत विकत घेतलं. त्यामुळे बिल्ल्यावर डब्ल्यूएफएल दिसलं तर ती नक्कल नव्हे, तेच घराणं.

साठच्या दशकातला बिल्ला कमानीच्या मधल्या दगडासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. त्यावर नंबर येऊ लागले १९६३-६४च्या सुमारास. ९ फेब्रुवारी १९६४ला एड सलिव्हनच्या कार्यक्रमात बीटल्स वाजले, रिंगो स्टारच्या बेस ड्रमवरचं लुडविगचं नाव घराघरांत दिसलं आणि मागणी इतकी वाढली की कारखाना दिवसरात्र चालवावा लागला. त्या धामधुमीत बिल्ले क्रमाने कोण लावणार? खोक्यात हात घालायचा, येईल तो ठोकायचा. म्हणून पुढचा नंबर आधीच्या ड्रमवर आणि मागचा नंतरच्या ड्रमवर सर्रास सापडतो. नंबरावरून अंदाज बांधता येतो, साल ठरत नाही. लाकडी शेलच्या, म्हणजे ड्रमच्या पिंपाच्या, आत निदान तारखेचा शिक्का असायचा. धातूच्या शेलमध्ये सहसा तोही नाही.

तेव्हा धातूलाच विचारायचं. लोहचुंबक घ्या. तो रिमला चिकटला आणि शेलला चिकटला नाही, तर शेल ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं. सुरुवातीच्या थोड्या वर्षांतली शेलं पितळेवर क्रोम चढवलेली होती. पुढे ॲल्युमिनियम आलं. दोन्ही दिसायला एकसारखी, पण पितळी ड्रम उचलताच मनगटाला कळतो. खात्री हवी असेल तर पान काढून भोकांच्या आतल्या कडा भिंगातून पाहा. क्रोम विरलेल्या जागी पिवळी झाक दिसली तर विकणाऱ्यासमोर चेहऱ्यावर आनंद दिसू देऊ नका.

आणि भोकं मोजा. हा माझा सगळ्यात आवडता पुरावा, कारण भोक खोटं बोलत नाही. खालच्या पानाला टेकणाऱ्या तारा वरखाली करणारा स्ट्रेनर सतत हाताळला जातो, म्हणून तोच आधी मोडतो आणि त्या जागी दुसऱ्याच कंपनीचा येतो. त्याचे स्क्रू जुन्या भोकांत बसत नाहीत, मग ड्रिल चालतं. आतला आवाज दाबणारा फेल्टचा मफलर काढून टाकलेला असला तरी त्याचं भोक मागे राहतं. ‘सगळं ओरिजिनल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ड्रमला एक भोक जास्त असेल, तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करायची.

आता क्रोमवरचे फोड. ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे लगेच पातळ थर धरतो, त्यामुळे मुलामा नीट पकड घेत नाही. त्यात घाम, दमट हवा. मुंबई-कोकणात तर खारा वाराही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून ओल आत शिरते, खाली पांढरी भुकटी धरते आणि क्रोम पापडीसारखा उचलला जातो. नखाने खरवडायचा मोह आवरा; एक पापडी उडाली की शेजारची सैल होते. पुन्हा मुलामा देण्याच्या भानगडीत तर पडूच नये. जुना थर उतरवताना शेल झिजतं, खर्च ड्रमच्या किमतीला भिडतो आणि आवाजात तसूभर फरक पडत नाही. फोड आलेला सुप्राफोनिकही तितकाच खणखणीत वाजतो.

सफाई म्हणजे कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं आणि शेवटी गाडीला लावतात ते मेण. गंजलेल्या लोखंडी रिमवर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला तर गंज छान निघतो. तो बोळा शेलवर मात्र नको. चिंच, लिंबू, राख हे घरगुती उपाय तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठेवा. लुडविगचाच ॲक्रोलाइट असेल तर विशेष जपा. त्याच्यावर क्रोम नसून ॲनोडायझिंग आहे आणि ते आम्ल, अल्कली दोन्हींनी खराब होतं. टेन्शन रॉडच्या आट्यांत साचलेला मळ जुन्या टूथब्रशने काढा, तेलाचा एकेक थेंब सोडा. बिल्ला काढू नका. हवेच्या भोकातून गेलेल्या पितळी नळीची कड आतून दुमडून तो बसवलेला असतो. उचकटला की ती कड फाटते आणि पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही.

लगच्या पोटात एक स्प्रिंग असते. ड्रम वाजवताना कुठूनतरी किणकिण ऐकू आली तर आधी तिच्यावर संशय घ्या. स्प्रिंगभोवती फेल्टची पट्टी गुंडाळली की काम होतं.

एक गोष्ट पुष्कळ जण बिघाड समजून ‘दुरुस्त’ करतात. शेलच्या खालच्या कडेला समोरासमोर दोन जागी किंचित उतार असतो. तो पोचा नव्हे. तारा पानाला सपाट टेकाव्यात म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. ठोकून सरळ केलात तर तारा कायमच्या फरफरत राहतील. कड शाबूत असूनही तारा नीट बोलत नसतील, तर खालचं पान तपासा. तिथे खास पातळ पान लागतं, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ. जुन्या ड्रमवर अनेकदा कुणीतरी वरचंच जाड पान खाली चढवलेलं असतं. ते बदलल्याशिवाय तारांवर आणि स्ट्रेनरवर खर्च करू नका.

पुढच्या आठवड्यात लाकडी शेल आणि त्यातले तारखेचे शिक्के.