देवी काढल्या म्हणजे काय केले?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला बाही वर करायला सांगा. दंडावर किंवा कोपराच्या खाली एखादा सुरकुतलेला, चपटा वण दिसेल. काहींच्या हातावर असे दोन-दोन असतात. खांद्याजवळचा लहान गोल वण वेगळा, तो बीसीजीचा, क्षयाच्या लसीचा. तो आजच्या पोरांनाही असतो. मी म्हणतो तो वण त्यापेक्षा ऐसपैस. ‘हे काय हो?’ म्हणून विचारले तर माणूस सांगेल, ‘देवी काढल्यात.’ सत्तरचे दशक संपता संपता देवी काढणे थांबले, त्यामुळे पुढच्या पिढीच्या हातावर हा वण नाही आणि तोंडी हे वाक्यही नाही. परवा एका कॉलेजातल्या मुलाने मला विचारले, ‘सर, देवी काढल्या म्हणजे नेमके काय केले? देवीचे चित्र काढले का?’ मी हसलो, पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. देवी बसवतात, देवी उठवतात, देवीची ओटी भरतात. देवी काढतात कशी?

मी कवितेच्या नादाचा माणूस, डॉक्टर नाही. तरी शब्दाच्या मागे लागलो की मी वैद्यकाच्या पुस्तकांतही शिरतो. या रोगाचे वैद्यकातले नाव ‘व्हॅरिओला’. लॅटिन शब्द. इसवी सनाच्या सहाव्या शतकात, ५७०च्या सुमाराला, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या मारियस नावाच्या एका बिशपने साथीची नोंद करताना तो वापरला. त्याचे मूळ एकतर ‘व्हॅरिअस’ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, चित्रविचित्र. नाहीतर ‘व्हॅरस’ म्हणजे पुटकुळी. दोन्ही अर्थ कातडीवरचेच. रोग कशाने होतो हे कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून डोळ्यांना जे दिसले त्याचेच नाव पडले. इंग्रजीतला ‘स्मॉलपॉक्स’ तर आणखी मजेशीर आहे. तो लहान कशाने, तर एक थोरला ‘पॉक्स’ होता म्हणून. थोरला म्हणजे गरमी, उपदंश. त्याचे फोड मोठे म्हणून हा धाकटा. प्रत्यक्षात धाकट्याने जितकी माणसे नेली तितकी थोरल्याने नेली नसतील. फिरंग्यांबरोबर आला म्हणून आपल्या वैद्यांनी त्या थोरल्याला फिरंग रोग म्हटले. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात तो फिरंग रोगही आहे आणि आपली शीतलाही आहे.

आयुर्वेदातले जुने नाव मसूरिका. मसुराच्या डाळीएवढ्या, तशाच रंगाच्या पुटकुळ्या, म्हणून मसूरिका. सुश्रुताने तिला क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ रोगांत टाकले आहे. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराला माधवाच्या ‘निदान’ ग्रंथात तिच्यासाठी स्वतंत्र अध्याय आला. किरकोळ दुखण्याला कुणी स्वतंत्र अध्याय देत नाही. आपल्याकडे निजामाच्या राज्यात मराठी, उर्दू, तेलुगू शेजारी शेजारी नांदल्या. त्या तेलुगूत या रोगाला ‘मशूची’ म्हणतात. मसूर तिथेही आहेच.

अरबीत याला ‘जुदरी’ म्हणतात आणि गोवराला ‘हसबा’. या दोन रोगांची नीट ताटातूट करणारा पहिला मोठा ग्रंथ अबू बक्र अल-राझी या हकिमाचा. तो इराणातल्या रय गावचा, सुमारे ९२५ साली वारला. ताप कसा चढतो, पाठ कशी दुखते, पुरळ कसे उठते, हे त्याने रुग्णांजवळ बसून लिहिले. अरबी वैद्यकाची पुस्तके अकराव्या शतकापासून लॅटिनमध्ये गेली, तेव्हा ‘जुदरी’च्या जागी भाषांतरकारांनी ‘व्हॅरिओला’ बसवला आणि तो बिशपचा शब्द वैद्यकात कायमचा झाला.

आमच्या घरात मात्र ‘जुदरी’ कुणी म्हणत नसे. उर्दूत शब्द आहे ‘चेचक’. तो तुर्कीतून आला आणि तुर्कीत ‘चिचेक’ म्हणजे फूल. आजही तुर्की भाषेत फूल आणि हा रोग यांना एकच शब्द आहे. चिनी लोक याला ‘तिएन-हुआ’ म्हणतात, म्हणजे आकाशातली फुले. बंगालीत तर रोगाचेच नाव वसंत, कारण साथ त्या दिवसांत यायची. पहिल्यांदा हे सगळे एका ठिकाणी वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. अंगभर फोड उठलेल्या लेकराकडे पाहून आईला फूल सुचले असेल? मला नाही वाटत. हे नाव घाबरलेल्या माणसाचे आहे. ज्याचे नाव घेण्याची भीती वाटते त्याला माणूस गोड नावाने हाक मारतो. रात्री सापाला आपण ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणतो ना, तसेच.

मराठीतही एक फूल आहे, पण ते भीतीचे नाही, नुकसानीचे आहे. ‘त्याच्या डोळ्यात फूल पडले,’ असे आपण म्हणतो. देवीचा व्रण बुबुळावर झाला, की तो बरा होताना पांढरा डाग राहायचा आणि डोळा जायचा. पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांचा डावा डोळा लहानपणी असाच गेला. अरबी भाषेतला थोर कवी अबुल-अला अल-मअर्री (९७३ ते १०५७) चार वर्षांचा असताना याच रोगाने आंधळा झाला. त्याचे चरित्रकार सांगतात, की रंगांपैकी त्याला फक्त लाल आठवायचा, कारण आजारात त्याला करडईच्या फुलांनी रंगवलेले कापड घातले होते. या रोगात लाल कापड गुणाचे, अशी समजूत पुष्कळ देशांत होती. हे वाचले आणि ती अरबी गोष्ट एकदम आमच्या जिंतूरच्या शिवारात आली. करडई आमच्याकडे रब्बीत असतेच. कुसुंबी रंग म्हणजे तिचाच रंग आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या तिच्या एका वाणाचे नावही ‘परभणी कुसुम’ आहे. आम्ही तिच्याकडे तेल म्हणून पाहतो. हजार वर्षांपूर्वी सीरियातल्या एका मुलाला उरलेल्या आयुष्यासाठी एवढा एकच रंग मिळाला होता.

आता ‘शीतला’. अंग भाजून निघते तो रोग, आणि नाव थंड! हेही आर्जवच. बाई, शांत हो, थंड हो. म्हणून तर श्रावणात शीतला सप्तमीला चूल पेटवायची नाही, शिळे खायचे. घरात कुणाला देवी आल्या, की फोडणी बंद, तळण बंद, दाराला लिंबाचा डहाळा, रोग्याला लिंबाच्या पाल्यावर निजवायचे, मोठ्याने बोलायचे नाही. आमच्या मोहल्ल्यातही यातले बरेच होते. माझी दादी पाच वेळच्या नमाजाची, पण या रोगाला ती ‘चेचक’ क्वचितच म्हणायची. ‘माता निकली’ असेच म्हणायची आणि लिंबाचा डहाळा तिच्याही दाराला असायचा. मजहब आणि माता यांचा मेळ ती कसा घालायची, हे मी तिला कधी विचारले नाही. विचारले असते तर तिने मलाच वेड्यात काढले असते. तिच्या लेखी तो धर्माचा प्रश्न नव्हता, लेकरू वाचण्याचा होता.

‘देवी’ हा शब्द वाक्यात कसा चालतो तेही पाहा. देवळातली देवी एक, ती ‘येते’. रोगाच्या देवी मात्र ‘येतात’. ‘पोराला देवी आल्या,’ म्हणजे अनेकवचन. प्रत्येक फोड एक देवी. म्हणून वणही ‘देवीचे वण’. पूर्वी सरकारी कागदांत ओळखीची खूण म्हणून ‘तोंडावर देवीचे वण’ असे लिहीत आणि उर्दू कागदांत ‘चेचकरू’. मला हा शब्दव्यवहार पूर्ण वाईट वाटत नाही. ज्याच्या अंगात देवी आहे त्याला कुणी पापी म्हणत नाही, घराबाहेर काढत नाही; त्याच्याशी अदबीने वागतात. मंकीपॉक्स या नावाने माणसांची हेटाळणी होते म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ते बदलून ‘एमपॉक्स’ केले. आपल्या लोकांनी ते भान न सांगता ठेवले होते. पण दुसरी बाजूही खरी. देवीवर औषध द्यायचे नाही, देवी कोपते. खरे तर तेव्हा द्यायला औषधच नव्हते. शंभरात तीसएक रोगी जायचेच. मात्र टोचून घेण्याची सोय आली तेव्हाही हीच भीती आडवी आली.

तर आता त्या मुलाचा प्रश्न. एकदा देवी येऊन गेल्या की त्या माणसाला पुन्हा येत नाहीत, हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. मग युक्ती निघाली. सौम्य देवी आलेल्याच्या फोडातला पू घ्यायचा, धडधाकट माणसाच्या हातावर ओरखडा काढून त्यात भरायचा, म्हणजे थोड्याशा देवी येतील आणि मोठ्या टळतील. बंगालमध्ये हे काम करणारे ‘टीकादार’ गावोगाव फिरत. हॉलवेल नावाच्या इंग्रजाने १७६७ साली त्यांची पद्धत लिहून ठेवली आहे. टीका म्हणजे कपाळावरचा टिळा. इथे तो हातावर, म्हणून उर्दू-हिंदीत आजही लशीला ‘टीका’च म्हणतात. आपल्या मराठीने क्रिया पकडली. आपण होऊन, हिशेबाने, हातावर देवी उठवणे, बाहेर काढणे, म्हणजे देवी काढणे. रोगाचे आणि त्याच्यावरच्या उपायाचे नाव एकच. थोडा रोग देऊनच रोग टळतो, हे सगळे शास्त्र त्या दोन शब्दांत आहे.

इंग्रजांचा ‘व्हॅक्सिन’ एवढे सांगत नाही. तो नुसती गाय सांगतो. लॅटिनमध्ये ‘व्हाका’ म्हणजे गाय. एडवर्ड जेनरने १४ मे १७९६ रोजी गवळणीच्या हातावरच्या गाईच्या देवीतली लस एका आठ वर्षांच्या मुलाला टोचली. पुढे तिचे शास्त्र मांडताना त्याने ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’, गाईच्या देवी, असा शब्द वापरला. १८८१ साली लुई पाश्चरने जेनरच्या सन्मानासाठी तोच शब्द सगळ्या रोगांच्या लशींना लावायला सुचवले आणि तो लागला. गंमत अशी, की १९०२ सालच्या एका जुन्या लशीची जनुकीय तपासणी अलीकडे झाली, तेव्हा तिच्यातला विषाणू घोड्याच्या देवीच्या फार जवळचा निघाला. म्हणजे नाव गाईचे आणि नाते घोड्याशी!

आणि ‘लस’? कोविडच्या काळात, २०२१ साली, आपण दिवसातून दहा वेळा लस, लसीकरण म्हणत होतो. जखमेतून पाणी झिरपते त्याला आपण ‘लस वाहते’ म्हणतो, तोच हा शब्द. पहिली लस ही खरोखरच फोडातून झिरपलेली लस होती आणि ती एका हातावरून दुसऱ्या हातावर जायची. भारतात ती अशीच आली. व्हिएन्नाहून इस्तंबूल, बगदाद, बसरा करत ती मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर उठली. तिच्या हातावरची लस पुण्याला गेली, सुरतेला गेली, हैदराबादला गेली. पुढे वासरांच्या अंगावर लस वाढवू लागले. बेळगावात हे काम जिथे चाले ती जागा ‘व्हॅक्सिन डेपो’. मराठी माणसाला हे नाव मेळाव्याचे मैदान म्हणूनच माहीत असते.

१९७४ साली भारतात देवीचे एक लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले. बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालमधले. मोहिमेतली माणसे तेव्हा दारोदार एक चित्र घेऊन फिरत. अंगभर फोड आलेल्या लेकराचे चित्र. ‘माता’ म्हटले तर कांजिण्याही दाखवल्या जात आणि गोवरही. चित्र दाखवले की घोटाळा होत नसे. रोगी कळवणाऱ्याला बक्षीस होते, शेवटी ते हजार रुपयांवर गेले. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात अली माओ मालिन या स्वयंपाक्याला देवी आल्या आणि तो वाचला. निसर्गतः आलेल्या त्या शेवटच्या. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने रोग संपल्याचे जाहीर केले. आता तो विषाणू अमेरिकेत आणि रशियात एकेका प्रयोगशाळेत, गोठवलेल्या कुप्यांत आहे.

रोग गेला, पण त्याचा मान गेला नाही. तो गोवर-कांजिण्यांना मिळाला. अंगावर पुरळ दिसले, की अजून कितीतरी घरांत आधी लिंबाचा पाला येतो, दवाखाना मागून. कांजिण्यांत ते बहुधा निभते. गोवराचे तसे नाही. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, मग भिवंडी-मालेगावात गोवराची साथ आली आणि लेकरे दगावली. त्यांत लस न घेतलेली बरीच होती आणि वस्त्या माझ्या समाजाच्या होत्या. म्हणून मी आमच्या मोहल्ल्यात बसलो की हकीम राझीचे नाव काढतो. बाहेरच्या डॉक्टरचे ऐकत नाहीत ते त्याचे तरी ऐकतात. हजार वर्षांपूर्वी त्याने लिहून ठेवले आहे, की डोळ्यांच्या बाबतीत जुदरी वाईट, पण बाकी धास्ती घ्यायची ती हसब्याची. मग कुणीतरी विचारते, ‘हसबा म्हणजे?’ मी सांगतो, ‘गोवर. नवव्या महिन्यात एक सुई, दीड वर्षाच्या आसपास दुसरी. सरकारी दवाखान्यात फुकट आहे.’